बिनतारी गाडी आणि करडईचं तेल

सिद्धलिंगप्पा हत्तुरे एकतीस वर्षं सोलापुरातल्या एका गिरणीत तेलवाले होते. तेलवाले म्हणजे तेल विकणारे नव्हेत, यंत्रांना तेल घालणारे. लांब चोचीची बुधली घ्यायची, खात्याच्या या टोकापासून त्या टोकाला जायचं, प्रत्येक बेअरिंगपाशी थांबून कान द्यायचा, थेंब टाकायचा आणि पुढं सरकायचं. खात्यावर देखरेख करणाऱ्या जॉबरचा रुबाब वेगळा, विणकराची मिजास वेगळी; तेलवाल्याकडं कोण बघतो? पण आप्पांना त्याचं काही नव्हतं. "यंत्र बोंबलल्यावर तेल घालतो तो गाढव," ते म्हणायचे, "कण्हायच्या आत घालतो तो तेलवाला." कुठल्या सांध्याला पातळ तेल, कुठल्याला जाड, कुठं ग्रीस, हे त्यांना झोपेतसुद्धा चुकलं नसतं. एकतीस वर्षांत चुकीच्या जागी चुकीचं तेल घातलं नाही, हा त्यांचा अभिमान. आता गरिबानं अभिमान धरावा असं दुसरं असतं तरी काय, सांगा!

गिरणी सुटली, सवय सुटली नाही. बाळीवेशीजवळच्या बोळात त्यांचं दोन खोल्यांचं घर, पुढं फरशीचं लहान अंगण आणि ओटा. शेजाऱ्यापाजाऱ्यांच्या शिलाई मशिनी, सायकली, विहिरीचा रहाट, मठाच्या दाराच्या बिजागऱ्या, सगळ्यांना आप्पा फुकटात तेल घालत हिंडायचे. आणि जेवायला बसले की व्याख्यान. "यंत्राला पाणी लागलं की पयलं पुसायचं, मग वाळवायचं, मग तेल. ध्यानात ठेवा." शिवबाई, त्यांची बायको, ताटात भाकरी टाकत म्हणायची, "व्हय व्हय, ठेवलं ध्यानात. आता आमटी घ्या, गार व्हायली."

हे ऐकणारं तिसरं माणूस दाराआड असायचं. ती सून, नागम्मा. अक्कलकोटच्या पलीकडच्या खेड्यातली, एकोणीस वर्षांची, माहेरी सगळं कानडी, त्यामुळं मराठी जपून जपून बोलणारी. सासूला ती 'आत्ती' म्हणायची. सासऱ्याला काहीच म्हणत नसे, कारण सुनेनं सासऱ्याशी थेट बोलायचं नाही ही त्या घरची रीत. अगदीच नड आली आणि शिवबाई घरात नसली, तर मधे सोप्यातला लाकडी खांब होता. "खांबा, आज दूध आलं न्हाय," असं नागम्मा खांबाला सांगायची, आणि आप्पाही खांबालाच उत्तर द्यायचे, "खांबा, दूधवाला गावाला गेलाय, उद्या येतोय." बाहेरच्याला हसू आलं असतं. घरातल्यांना त्यात काही वाटत नव्हतं.

त्यांचा एकुलता एक मुलगा ईश्वर कुवेतला फिटर होता. सत्त्याहत्तरच्या साली लग्न झालं, मग तो परत गेला. पुढच्या वर्षी महिनाभर रजेवर येऊन गेला आणि नागम्माला दिवस राहिले. हे त्याला पत्रानं कळलं, तेव्हा गडी तिकडं वेडाच झाला असावा. होटगीचा एकजण सुट्टीवर येत होता, त्याच्याबरोबर ईश्वरनं पार्सल पाठवलं. आत हातभर लांबीची लालभडक मोटार, रबरी टायरांची. बरोबर एक डबी, डबीला लांब ओढायची चकचकीत तार. डबीवरचा खटका इकडं दाबला की गाडी तिकडं पळायची. मधे ना दोरी ना वायर! सगळी गल्ली अंगणात लोटली. "अजून जन्माला आलं न्हाय त्या लेकराला मोटार आली की हो!" शिवबाईनं गाडीची आणि सुनेची एकदमच दृष्ट काढली.

पण दृष्ट काढून काय होतं? गाडी आली आणि आठव्या दिवशी नागम्माच्या पोटात दुखायला लागलं. पाचवा महिना होता. दवाखान्यात नेईपर्यंत सगळं संपलं होतं.

शिवबाई रडली नाही. तिनं तोंड मिटलं आणि कामाला लागली. पाचव्या दिवशी नागम्माही चुलीपुढं येऊन बसली. आप्पांनी ईश्वरला पत्रात दोन ओळी लिहून कळवलं, तेवढंच; पुढं कुणी त्या गोष्टीचं नाव काढलं नाही. फक्त एकदा नागम्माच्या हातून कपबशी निसटून फुटली, तेव्हा शिवबाईच्या तोंडून गेलं, "हिच्या हाताला कायच टिकत न्हाय." बाई मनानं वाईट नव्हती, पण जिभेला हाड नसतं म्हणतात ते उगीच नाही. नागम्मानं तुकडे गोळा केले, आणि त्या दिवसापासून पोरगी जी मिटली ती मिटलीच. आप्पांनी ते ऐकलं होतं. त्या वेळी आपण दोन शब्द बोलायला हवे होते असं त्यांना पुढं रोज वाटायचं, आणि रोज राहून जायचं. गाडी जुन्या पंच्यात गुंडाळून फळीवर गेली.

दसरा झाला आणि ईश्वरचं पत्र आलं. आप्पांनी सोप्यात बसून मोठ्यानं वाचलं. दिवाळीला येतोय. आणि शेवटी लिहिलं होतं, 'गाडी कुणाला देऊन टाकू नका. मी येऊन नागीला चालवून दाखवणार हाय. तिला जरा बरं वाटंल.'

दाराआड काहीतरी खाली पडल्याचा आवाज झाला. शिवबाईनं तिकडं एकदा बघितलं, पण ती हरखून गेली होती. लेकाला मंगळवेढ्याच्या ज्वारीचीच भाकरी आवडते, हे तिला सगळ्यात आधी आठवलं. तिची बहीण मंगळवेढ्याला. दुसऱ्या दिवशी सकाळच्या एस्टीनं ती चार दिवसांसाठी ज्वारी आणायला गेलीसुद्धा.

ती गेली आणि तासाभरानं सोप्यात कुजबुज आली. "खांबा, फळीवरची गाडी चालत न्हाय."

आप्पा चष्मा पुसत होते. ते थांबले. "खांबा, ती चालत न्हाय हे कुणी बघितलं?"

मग रडक्या आवाजात, मराठी-कानडी एक करत, सगळं बाहेर आलं. शिवबाई सोमवारची सिद्धरामाच्या देवळात गेली आणि आप्पा बुधली घेऊन बाहेर पडले की नागम्मा गाडी खाली काढायची. अंगणात चार फेऱ्या मारायच्या आणि परत ठेवायची. बस, एवढंच. भादव्यात एका सोमवारी आभाळ एकाएकी फुटलं. गाडी त्या टोकाला, नेमकी पन्हाळीच्या धारेखाली अडकली. नागम्मानं पळत जाऊन ती उचलली, पदरानं पुसली, तेल लावलं आणि फळीवर ठेवली. पुढच्या सोमवारी खटका दाबला तर गाडी हूं की चूं करेना.

"आता ते येतील," नागम्मा खांबाला म्हणाली. "मग आत्ती म्हणतील... माझ्या हाताला..." पुढं तिला बोलवेना.

वाक्य पुरं करायची गरजच नव्हती. तेच वाक्य या घरात दुसऱ्यांदा म्हटलं गेलं, आणि तेही नवऱ्यासमोर, तर ही पोरगी परत उभी राहणार नाही, हे आप्पांना लख्ख दिसलं. मागं ते गप्प बसले होते. या वेळी गाडी ईश्वर यायच्या आत पळाली पाहिजे होती.

त्यांनी गाडी खाली घेतली, पंचा सोडला, आणि नाकाशी एक वास आला. खमट. ओळखीचा. त्यांनी टप वर उचलला, आत बोट घातलं. दातेरी चाकांवर पिवळसर साय धरली होती, साय कसली, सालच ती!

"खांबा," आप्पा सावकाश म्हणाले, "तेल कंचं लावलं?"

"घरातलं. करडईचं."

"अरारारा!"

आता तुम्हाला सांगतो, करडईचं तेल खायला अमृत. शेंगाच्या चटणीवर सोडा, गरम भाकरीवर सोडा, बोटं चाटत राहाल. पण त्याला वारा लागला की ते आधी चिकट होतं आणि मग वार्निशासारखं घट्ट बसतं. तेलाच्या बरणीला बाहेरून जो चिकटा धरतो, नखानं खरवडला तरी निघत नाही, तोच चिकटा त्या गाडीच्या प्रत्येक दात्यात बसला होता. गिरणीत असं कुणी केलं असतं तर आप्पांनी त्याच्या सात पिढ्या उद्धरल्या असत्या. शिवी ओठापर्यंत आली आणि तिथंच थिजली. त्यांना आपलं व्याख्यान आठवलं. पुसायचं, मग वाळवायचं, मग तेल. रोज बडबडत होते ना? त्यांच्या तोंडी तेल म्हणजे यंत्राचं तेल. पण चुलीपुढं बसणाऱ्या पोरीच्या घरात तेल म्हणजे एकच, करडईचं! तिनं बिचारीनं सासऱ्याचा शब्द पाळला होता. चूक कुणाची? 'माझीच की,' आप्पा मनाशी म्हणाले, आणि त्यांना फार वाईट वाटलं.

मग त्यांनी बाह्या सारल्या.

पहिल्यांदा सेल. गाडी भिजल्यावर सेल आतच राहिले होते. ते फुगून त्यांतून पांढरी पूड आली होती. आप्पांनी ते फेकले, पत्र्याच्या पट्ट्या लिंबानं पुसल्या, काचकागदानं घासून चकचकीत केल्या. मग घड्याळजीकडून मागून आणलेल्या बारीक पेचकसानं एकेक स्क्रू काढला. कुठला स्क्रू कुठला ते चुकू नये म्हणून पाटावर खडूनं गाडीचं चित्र काढलं आणि जिथला स्क्रू तिथं ठेवला. नागम्मा दाराआडून बघत होती.

"खांबा, वाटीत रॉकेल पायजे."

वाटी उंबऱ्यावर आली.

"खांबा, जुना दात घासायचा ब्रश."

ब्रश आला. दातेरी चाकं रॉकेलमध्ये भिजत पडली. एक दिवस भिजवून, दुसऱ्या दिवशी ब्रशानं घासून, तिसऱ्यांदा नवं रॉकेल घेऊन, असं करत चिकटा सुटला. आतली विजेची, तांब्याच्या रेघांची पट्टी मात्र आप्पांनी रॉकेलच्या जवळही नेली नाही. ती विद्या आपली नव्हे हे त्यांना कळत होतं. पंच्याच्या गुंडाळीत आत राहिलेली ओल मऊ फडक्यानं टिपली आणि पट्टी गच्चीच्या जिन्याखाली सावलीत धोतराच्या पातळ कापडाखाली ठेवली.

"खांबा," नागम्मा हळूच म्हणाली, "उनात ठेवली तर लौकर वाळंल की."

"खांबा, तिला सांग, ऊन वाळवतंय पण वाकवतंय बी. ओल्या यंत्राला ऊन न्हाय, वारा द्यायचा. घाई केली तर वरनं सुकतंय आन आत पाणी राहतंय. तेच वैरी."

दुसऱ्या दिवशी नागम्मा उंबऱ्यावर बसली. तिसऱ्या दिवशी ती आत कधी आली ते दोघांनाही कळलं नाही. पाठमोरी, पदर डोक्यावरून, पण हाताच्या अंतरावर बसून एकेक स्क्रू देत होती. आप्पांच्या हाताला आता कंप होता. बुधलीची चोच या चाकांना फार मोठी. त्यांनी शिलाई मशिनीचं तेल घेतलं, सुईच्या टोकावर थेंब धरला, आणि तो थेंब नेमका दोन दात्यांच्या मधे पडेना.

"खांबा," आप्पा म्हणाले, "माझ्याच्यानं होत न्हाय. तिला म्हणावं तू घाल."

नागम्मानं सुई घेतली. पहिला थेंब पडला. "बास," आप्पा म्हणाले. "जास्त न्हाय. जास्त तेलानं धूळ धरतीया." मग दुसरा. मग तिसरा. एकतीस वर्षांत आप्पांनी हाताखाली चार माणसं तयार केली होती, पण इतका हलका हात त्यांनी बघितला नव्हता. तसं ते खांबाला बोललेसुद्धा, आणि नागम्माचे कान लाल झाले.

संध्याकाळी नवे सेल घातले, तार ओढली, खटका दाबला. गाडी जागची हलली, क्षणभर अडखळली आणि सुर्रकन अंगण ओलांडून थेट आप्पांच्या चपलेवर चढली. नागम्मा तोंडात पदर कोंबून हसली. हसतच राहिली. आप्पांनी ते हसू कितीतरी महिन्यांनी ऐकलं. त्यांना तर वाटलं, गाडी आता मोडली तरी हरकत नाही.

एकच गोष्ट राहिली. वास. रबरी टायरांनी तेल पिऊन घेतलं होतं. आप्पांनी साबण लावला, शिकेकाई लावली, राख लावली. बराचसा गेला. कुणाला कळायचं नाही, असं त्यांनी खांबाला आणि स्वतःला सांगितलं.

चौथ्या दिवशी शिवबाई ज्वारी घेऊन परतली आणि त्या आठवड्याच्या अखेरीला ईश्वर आला. आंघोळ झाली, भाकरी झाली, आणि त्यानं फळीवरून गाडी काढली. नागम्मा दाराच्या चौकटीला धरून उभी. गाडी पळाली. पुढं, मागं, डावीकडं, उजवीकडं. शिवबाई कौतुकानं बघत होती. आप्पांनी सुटकेचा निःश्वास टाकला.

आणि ईश्वरनं गाडी उचलून हातात घेतली. तो हत्तुऱ्यांचाच पोरगा, फिटर. यंत्र हातात आलं की उलटं करून बघणारच. त्यानं बघितलं, नाकाशी नेलं.

"आप्पा, ह्याला करडईचा वास कसा? कुणी तेल घातलंय हे?"

शिवबाईची मान सुनेकडं वळली. नागम्माचा हात चौकटीवर पांढरा पडला होता. शिवबाईचं तोंड उघडलं.

"मी घातलं," आप्पा म्हणाले.

"तुमी?" ईश्वर हसायला लागला. "आप्पा, तुमी? करडईचं?"

"व्हय. चालवीत होतो. पावसात भिजली. हाताला लागलं ते घातलं."

ईश्वरचं हसू हळूहळू ओसरलं. तो बापाकडं बघायला लागला, आणि ती नजर आप्पांना हसण्यापेक्षा जड गेली. म्हातारं झालेल्या माणसाकडं बघतात तसं तो बघत होता. "आप्पा, डोळे दाखवून येऊ या का एकदा? का... विसरायला झालंय काय?"

शिवबाईनं कपाळावर हात मारला. "शिव शिव! एकतीस वर्षं तेल घातलं, सगळ्या पेठेला अक्कल शिकवली, आन म्हातारपणी मोटारीला भज्याचं तेल! गल्लीत कुणाला सांगू नगा बया, लोक तोंडात शेण घालतील."

आप्पांनी मान खाली घातली. जन्मभराची कमाई एका वाक्यात गेली होती, आणि ती त्यांनी आपल्या हातानं घालवली होती. जाऊ दे, ते मनाशी म्हणाले. पोरगी वाचली.

"आप्पा खोटं बोलायलेत."

आवाज इतका स्पष्ट होता की कोण बोललं ते कुणाला चटकन कळलं नाही. नागम्मा चौकट सोडून सोप्यात आली होती. डोक्यावरचा पदर खांद्यावर आला होता आणि तिनं तो सावरला नाही. ती खांबाकडं बघत नव्हती. सरळ सासऱ्याकडं बघत होती.

"आप्पा, माझ्यापायी तुमी तुमचं नाव का घालवायलेत? गाडी मी भिजवली. तेल बी मीच लावलं. आप्पांनी धुऊन, वाळवून नीट केली. त्यांचा हात कधी चुकला न्हाय."

"तू?" शिवबाई म्हणाली. "अगं, पण मोटारीला कुणी खायाचं तेल लावतंय का? का लावलंस?"

"मीच सांगितलं होतं," आप्पा घाईनं म्हणाले. "पाणी लागलं की तेल लावावं म्हणून मीच रोज..."

"न्हाय आप्पा," नागम्मा म्हणाली. "ते माझ्या ध्यानातच नव्हतं." मग ती सासूकडं वळली. "लई भिजली होती, आत्ती. गारठली असंल वाटलं. मांडीवर घेऊन पुसली. मग न्हाल्यावर लेकराला लावतेत तसं लावलं. सगळ्या अंगाला. पायाला... चाकांना बी."

आप्पांना वाटलं, आपल्याला या घरातलं काही म्हणजे काहीच कळलं नाही. टायरांना तेल कशाला लावलं असेल, हा प्रश्न चार दिवसांत त्यांच्या डोक्यात आला नव्हता. बुधली घेऊन जन्म काढलेल्या माणसाला!

शिवबाई आत गेली. चुलीवर काहीतरी ठेवल्याचा आवाज आला. बाहेर आली तेव्हा तिच्या हातात वाफाळत्या तेलाची वाटी होती.

"गडीमाणसं भाईर व्हा," ती म्हणाली. तिनं नागम्माचा दंड धरला आणि तिला न्हाणीकडं नेलं. "बाळंतिणीला चाळीस दिस तेल लावतेत. मी तुला एक दिस बी लावलं न्हाय गं. पाचव्या दिसाला चुलीपुढं बसीवलं. लेकरू न्हाय म्हणून मी तुला बाळंतीण बी धरली न्हाय. बस हितं. पाठ कर माझ्याकडं."

बापलेक ओट्यावर येऊन बसले. आतून एक हुंदका आला, तो नागम्माचा नव्हता. शिवबाई रडत होती, मोठ्यानं, गल्लीला ऐकू जाईल असं, आणि तिच्या मागोमाग नागम्माही. आप्पांना आवरेना. त्यांनी चष्मा काढला आणि तेही रडले.

ईश्वरनं गाडी बाजूला ठेवली.

"आप्पा," त्यानं विचारलं, "काय होतं? पत्रात कुणी लिवलंच न्हाय."

"मुलगी होती," आप्पा म्हणाले.

ईश्वर बापाला टेकला आणि दोघं तसेच ओट्यावर बसून राहिले.